गोदाआत्याचा डबा

पानगळीचं कौतुक करणाऱ्यांचा मला अलीकडे राग येतो. ऑक्टोबर सरत आला की इथे मिशिगनमधल्या नोव्हाय गावात मॅपलची झाडं लालभडक होतात, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर फोटोंचा पूर येतो, पुण्याहून नुकती आलेली जोडपी पिवळ्या पानांत लोळून घेतात. पहिल्या वर्षी आम्हीही लोळलो होतो. आता मला या ऋतूत एवढंच दिसतं की माणसं कानाला मफ लावून ब्लोअर सुरू करतात आणि आपल्या दारातली पानं फुंकत फुंकत शेजाऱ्याच्या हद्दीत नेऊन सोडतात. आपलं अंगण साफ झालं की मशीन बंद करून आत जातात. मीही तेच करते.

याच दिवसांत दिवाळी येते. भाजणीचा वास घरभर होतो, स्मोक अलार्म एकदा तरी बोंबलतो, आणि चकल्या भरायला डबे कमी पडतात. तेव्हा नजर वरच्या फळीकडे जाते. तिथे गोदाआत्याचा डबा आहे. दोन वर्षं मी तो खाली काढलेला नव्हता.

गोदाआत्या म्हणजे माझ्या बाबांची आत्या. कोयनेच्या पाण्यात तिचं कारवडे गाव गेलं आणि सरकारने तिला लांबच्या कोरड्या माळावर जमिनीचा तुकडा दिला. तिथे संसार मांडल्यावर तिने बाजारातून हा कडीचा स्टीलचा डबा घेतला. दुकानदाराने नाव घालायला विचारलं तेव्हा तिने ‘गोदावरी, मु. कारवडे’ असं सांगितलं. तो म्हणाला, “अहो, आत्ता राहता तिथलं सांगा की.” ती म्हणाली, “राहते कुठंबी. हाय तिथलीच.” मी अमेरिकेला निघाले तेव्हा बाबांनी तो डबा माझ्या बॅगेत कोंबला. बुडालेल्या गावाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी अंगावर घेऊन तो मिशिगनला आला.

सामिया आमच्या गल्लीत, चौथ्या घरात राहायची. ईराच्या शाळेच्या लायब्ररीत ती मदतनीस होती. माझी लेक पुस्तकं वाचायला लागली ती माझ्यामुळे नाही, सामियामुळे. आधी ईराच्या आवडीला नावं ठेवत, मग न विचारता पुढचं पुस्तक हातात ठेवत तिने ईराला वाचतं केलं. त्या उपकाराखातर एका दिवाळीत मी तिच्याकडे गोदाआत्याच्या डब्यातून चकल्या पाठवल्या. आठवडाभराने डबा परत आला तो तिच्या मावशीकडच्या ऑलिव्हनी भरून. कडू, खारट, लसणाचा आणि लिंबाचा वास असलेले ऑलिव्ह. मी म्हटलं, “आमच्यातसुद्धा असंच असतं हं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही.” ती हसली. म्हणाली, “रिकामं ताट शेजारी पाठवलं तर माझी आई मला मारायची.”

मग तो डबा चार वर्षं ये-जा करत राहिला. इकडून करंज्या गेल्या, तिकडून खजूर भरलेली बिस्किटं आली. इकडून मेतकूट गेलं, तिकडून तीळ आणि रानातल्या पाल्याचा मसाला आला. दोन्ही तेल घालून पोळीशी खायचे. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून खायचो आणि आपापल्या सासवांना नावं ठेवायचो.

ऑक्टोबर आला की सामिया अस्वस्थ व्हायची. तो तिच्या माणसांचा ऑलिव्ह काढायचा महिना. तिची मावशी वेस्ट बँकेत राहते. तिकडे या दिवसांत झाडाखाली ताडपत्री अंथरायची, पोरांनी वर चढायचं, म्हाताऱ्यांनी खाली बसून पानं निवडायची. आता मावशीच्या झाडांच्या आणि मावशीच्या घराच्या मध्ये इस्रायली वसाहतीचं कुंपण आहे. स्वतःच्या झाडाला हात लावायला तिला सैन्याचा परवाना लागतो, तो वर्षातून थोड्या दिवसांचा मिळतो, मिळाला तर. एका वर्षी परवाना घेऊन ती गेली तेव्हा झाडं कापलेली होती. सामियाने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “मग कम्प्लेंट नाही केली?” तिने विचारलं, “कुणाकडे?” मला आजही तो प्रश्न आठवला की लाज वाटते.

पण त्याहून जास्त लाज वाटावी अशी एक गोष्ट आहे. आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय होता ‘इस्रायल : वाळवंटातलं नंदनवन’. आमच्याकडे हा विषय दर दोन वर्षांनी यायचाच. थेंब थेंब पाण्यावर शेती, सगळ्यांना लष्करी शिक्षण, चारी बाजूंनी शत्रू. भाषणाच्या शेवटी मी कोकणातल्या शनवार तेल्यांचंही सांगितलं होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले मराठी ज्यू, ज्यांना आपण कधी त्रास दिला नाही. टाळ्या पडल्या होत्या. हे सगळं मी सामियाला अगदी अभिमानाने सांगितलं, तिच्याच स्वयंपाकघरात बसून. ती कप विसळत होती. म्हणाली, “सुजाता, माझी आजी जन्मली त्या गावात संत्र्यांच्या बागा होत्या. ते वाळवंट नेमकं कुठे होतं?”

मग मी वाचायला लागले. फार नाही, आपलं जमेल तसं. पण खरं सांगायचं तर मला तो इतिहास पुस्तकातून नाही कळला. तो मला रूथकडून कळला. रूथ म्हणजे शाळेतल्या निवृत्त इतिहासशिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, अजूनही लायब्ररीत स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या. ज्यू. शनवार तेल्यांची गोष्ट मी त्यांनाही सांगितली, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या आणि मला दोनदा सांगायला लावली. मग त्यांनी त्यांची सांगितली. त्यांच्या आजीचं गाव पूर्व युरोपात होतं आणि तिथे सणावाराला दंगे व्हायचे ते ज्यूंना मारायलाच. आजी बोटीत बसून डेट्रॉइटला आली. आजीचा भाऊ म्हणाला, दुसऱ्याच्या देशात किती दिवस भीक मागायची, आपलं राज्य हवं. त्या विचाराला झायोनिझम म्हणत. तो पॅलेस्टाईनला गेला. मागे राहिलेले सगळे पुढे नाझींच्या छावण्यांत संपले.

“माझ्या मामेआजोबांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?” रूथ म्हणाल्या होत्या. “त्यांना घर हवं होतं. आणि त्यांना सांगितलं होतं की जागा रिकामी आहे. ती रिकामी नव्हती.”

ती त्यांची नव्हती तशी इंग्रजांचीही नव्हती, पण लंडनमध्ये बसून एका मंत्र्याने ती पत्रातून ज्यूंना देऊ केली. असली पत्रं लिहिण्यात त्यांचा हात कोण धरणार. युरोपने ज्यूंना जाळलं आणि त्याची भरपाई अरब शेतकऱ्याच्या जमिनीतून केली. अठ्ठेचाळीस साली एका समाजाला राष्ट्र मिळालं, त्याच वर्षाला दुसरा समाज नकबा म्हणतो, म्हणजे महासंकट. लाखो माणसं हाकलली गेली, पळाली, परत येऊ दिली गेली नाहीत. सामियाच्या आजीच्या गावातली घरं पाडून तिथे जंगल लावलं. सदुसष्टच्या युद्धानंतर उरलेला मुलूखही सैन्याखाली आला आणि तिथे वसाहती उगवायला लागल्या. सोसलेल्याने दुसऱ्याला सोसायला लावू नये ही आपली भाबडी समजूत. सासुरवास भोगलेली सूनच पुढे कशी सासू होते ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि मग तो ऑक्टोबर आला. तीन वर्षांपूर्वीचा. एका सकाळी गाझातून आलेल्या बंदूकधाऱ्यांनी इस्रायलमध्ये शिरून बायकापोरांसकट माणसं मारली, ओलीस नेली. रूथ फोन घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या आतेबहिणीचं कुटुंब तिकडे होतं. नंतर गाझावर बॉम्ब पडायला लागले आणि थांबेचनात. सामिया फोन घेऊन बसली. मी दोघींकडे चहा पाठवला. मला वाटलं, आपण किती समजूतदार आहोत.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात त्या वर्षी वांगीभाताच्या रांगेत एकच विषय होता. एक काका म्हणाले, “इस्रायल म्हणजे इस्रायल. असं पाहिजे, ठोकून काढलं पाहिजे.” दुसरे म्हणाले, “आपल्याला काय करायचंय यार, आपण गेस्ट आहोत इथे.” मी कोशिंबीर वाढत होते. तोंडात मिठाची गुळणी धरून कोशिंबीर वाढायला फार कौशल्य लागत नाही.

दिवाळीनंतरच्या शनिवारी शाळेत हेरिटेज फेअर होता. प्रत्येक कुटुंबाने आपण कुठून आलो ते सांगणारा एक बोर्ड करायचा आणि टेबलावर मांडायचा. पालक स्वयंसेवक म्हणून टेबलांची यादी माझ्याकडे होती. नियमच होता की प्रत्येक बोर्ड आधी मी बघायचा आणि हो म्हणायचं. सामियाचा बोर्ड मी तिच्या जेवणाच्या टेबलावर पाहिला. मधोमध जुन्या पॅलेस्टाईनचा नकाशा, बाजूला आजीचा फोटो, आणि नकाशावर एक लाल ठिपका. त्या ठिपक्याशी तिला गावाचं नाव हवं होतं, तिच्या मैत्रिणींना येतील तितक्या लिप्यांमध्ये. रूथनी हिब्रूत लिहून दिलं होतं. सामिया म्हणाली, “तुझ्या अक्षरात दे ना.” मी ईराच्या जाड निळ्या पेनने कागदाच्या पट्टीवर देवनागरीत ते नाव लिहिलं. सुंदर लिहिलं, शिरोरेघ पट्टीने ओढली. ती म्हणाली, “हे लावलं तर चालेल ना? कुणी काही म्हणणार नाही?” मी म्हटलं, “लाव गं बिनधास्त.”

ते नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिल्याचं कबूल करायची वेळ होती तेव्हा मी केलं नाही.

फेअरमध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी होती. माझ्या टेबलावर कोयनेचा जलाशय, गोदाआत्याचा फोटो आणि खाली ‘आमचं गाव पाण्याखाली आहे’. लोक थांबत, छातीवर हात ठेवत. “सो मूव्हिंग,” म्हणत. एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं. धरणाला कुणाचा राग नव्हता, आमच्या हातात निदान धरणग्रस्ताचा दाखला होता, जमीन होती, मतदानाचा हक्क होता. आमच्या दुःखाचा कुणाला धक्का लागत नव्हता, त्याची वीज झाली होती. शेजारच्या टेबलावरही एक बुडालेलं गावच होतं. पण ते पाण्याखाली नव्हतं, दुसऱ्या माणसांखाली होतं. तिथे लोक थांबत नव्हते. एका वडिलांनी फोनवर बोर्डाचा फोटो काढला आणि ते ऑफिसकडे गेले. अर्ध्या तासात बोर्ड खाली उतरवला गेला होता.

सोमवारी मला शाळेच्या ऑफिसातून मेल आला. भाषा गोड होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की सामिया सांगते की बोर्ड तुम्ही आधी पाहिला होता आणि मान्य केला होता. हे खरं आहे का, ते कृपया एका ओळीत कळवावं. शाळेतल्या कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय राजकीय मजकूर लावला का, एवढाच प्रश्न होता.

एका ओळीचं काम होतं.

माझ्या नवऱ्याने, नितीनने, माझ्या खांद्यावरून मेल वाचला. नितीन वाईट माणूस नाही. सामियाकडची बिस्किटं सगळ्यात जास्त त्यानेच खाल्ली आहेत. पण तो म्हणाला, “तुझा व्हिसा कंपनीच्या हातात, माझाही. उद्या कुणी तुझं नाव इंटरनेटवर टाकलं आणि कंपनीने घाबरून काढून टाकलं तर साठ दिवसांत घर विकून निघायचं? ईराची शाळा? बारा वर्षं ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये उभे आहोत आपण. तू काही रूथ नाहीस. ती सिटिझन आहे.”

“अरे, पण मी पाहिला होता.”

“पाहिला असशील, नीट नसेल पाहिला. घाईत होतीस. तसंच लिही.”

मी तसंच लिहिलं. ‘मी टेबलांची मांडणी पाहत होते, नकाशा असलेला बोर्ड माझ्या पाहण्यात आला नाही.’ दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पाठवून दिलं. ब्रेकच्या सॉफ्टवेअरची टेस्ट करणं हे माझं काम आहे. गाडी वेळेत थांबते की नाही याच्या रिपोर्टवर मी रोज सही करते. माझ्या आयुष्यातलं एवढं सफाईदार खोटं मी आधी कधी लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी ईराने जेवताना विचारलं, “आई, डिडन्ट यू चेक ऑल द बोर्ड्स?”

“एवढं कुठे बघते मी? जेव.”

“बट यू नेव्हर सॉ हर्स?”

“नाही पाहिला. जेव म्हटलं ना.”

रूथनी मात्र शाळेला दोन पानी पत्र लिहिलं. ज्यांच्या घरातली माणसं तिकडे जीव मुठीत धरून बसली होती, त्या रूथनी. त्यांनी लिहिलं की बोर्डावरचं हिब्रू अक्षर माझं आहे, गाव खरं आहे, आणि ते हाकललं गेलं हेही खरं आहे. पण रूथना टेबलांच्या यादीशी काही देणंघेणं नव्हतं. प्रश्न परवानगीचा होता आणि परवानगी देणारी मी होते. डिसेंबरात सामियाला सांगण्यात आलं की जानेवारीपासून लायब्ररीत तिची गरज नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. इथे अशी कामं फार सभ्यपणे होतात.

सामियाने मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. ती रस्त्यात दिसली तर मान हलवायची आणि पुढे जायची. मला वाटायचं, भांड तरी एकदा. तिचे घरमालक भाडं वाढवत होते, पगार गेला होता, मार्चमध्ये ते सगळे ओहायोला तिच्या दिराकडे निघून गेले. एका आयुष्यात किती वेळा माणसाने घर सोडावं याची काही मर्यादा असायला हवी.

ती गेली त्या दिवशी आमच्या पायरीवर गोदाआत्याचा डबा होता. धुऊन, पुसून, कडी लावून ठेवलेला. मी उचलला तो हाताला हलका लागला. रिकामाच होता तर. चार वर्षांत पहिल्यांदा. मला कळलं की हे तिचं उत्तर आहे. आणि निर्लज्जपणा बघा माझा, मला रागही आला. पद्धत माहीत होती बाईला, तरी मुद्दाम रिकामा पाठवला! मी तो उघडलाही नाही. खुर्चीवर चढून वरच्या फळीवर मागे सारला.

त्यानंतरचे दोन हिवाळे मी त्या रागावर काढले. स्वतःवर रागवण्यापेक्षा ते सोपं होतं. गाझातल्या बातम्या येत राहिल्या, शाळांच्या, हॉस्पिटलांच्या, पीठ आणायला गेलेल्या माणसांच्या. मी त्या लंच ब्रेकमध्ये वाचायची आणि टॅब बंद करायची. शस्त्रसंधी झाली म्हणाले, मग पुन्हा माणसं मेली म्हणाले. मावशीच्या झाडांचं काय झालं ते मला कळायचा रस्ता मी स्वतःच बंद केला होता. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. रांग जिथल्या तिथे आहे.

गेल्या आठवड्यात चकल्या गाळून झाल्या. चौदा वर्षांची ईरा आता माझ्यापेक्षा उंच आहे, तिला खुर्ची लागत नाही. डबे संपले म्हणून तिने वरच्या फळीत हात घातला आणि गोदाआत्याचा डबा खाली काढला. मी कढईशी होते. कडी निघाल्याचा आवाज आला.

“आई, धिस इज युअर रायटिंग.”

मी वळून पाहिलं. तिच्या हातात कागदाची पट्टी होती. जाड निळं पेन, पट्टीने ओढलेली शिरोरेघ, आणि वरच्या दोन कोपऱ्यांना बोर्डावरून सोडवलेल्या टेपचे तुकडे.

मी गॅस बंद केला. “हो.”

“फ्रॉम हर बोर्ड.”

“हो.”

“यू टोल्ड मी यू नेव्हर सॉ इट.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली. “सो शी हॅड प्रूफ. ऑल दॅट टाइम. अँड शी गेव्ह इट बॅक टू यू.”

खरंच होतं. ती पट्टी ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवली असती तरी पुरे होतं. तिला देवनागरीत हे माझ्याशिवाय दुसरं कोण लिहून देणार? तिने ती ठेवली नाही. माझा व्हिसा, माझी भीती, हे तिला मी न सांगता माहीत होतं, कागदावर जगणाऱ्या माणसांना ते कळतंच. तिने स्वतःची नोकरी जाऊ दिली आणि माझं खोटं माझ्या घरी, माझ्या भांड्यात, झाकण लावून पोचतं केलं. आणि मी तिला दोन वर्षं कोत्या मनाची ठरवत बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, मी तर भांडंच उघडलं नाही.

मी रडले. ईरा जवळ आली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “आपण डबा रिकामा परत नाही करत. यू ऑलवेज से दॅट.” मग एवढंच, “सो व्हॉट आर यू सेंडिंग?”

चकल्या? छे.

मी टेबलाशी बसून शाळेला पत्र लिहिलं. ‘तो नकाशा मी आधी पाहिला होता आणि लावायला सांगितलं होतं. त्यावरचं गावाचं नाव माझ्या हातचं आहे. आधी कळवलेलं खोटं होतं.’ खाली पूर्ण नाव घातलं आणि गाव लिहायची इथे पद्धत नसताना ‘मु. कारवडे’ लिहिलं. नितीनने वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला. सामियाची नोकरी याने परत येत नाही, त्या ऑफिसातली माणसंही बदलली आहेत, आता हे पत्र कुणाच्याच उपयोगाचं नाही. म्हणून तर ते मला लिहिता आलं.

एक प्रत शाळेला पाठवली. दुसरी, ओहायोचा पत्ता रूथकडून घेऊन, गोदाआत्याच्या डब्यात घातली आणि कडी लावली. पोस्टात न्यायला मी डबा ईराच्या हातात दिला. तिने तो हातावर तोलून पाहिला.

“आई, इट्स टू लाइट,” ती म्हणाली.